तयारीचा वेळ : १५ मिनिटं

हरीरा हे मोरोक्कोचं मटण, छोले आणि मसुराचं सूप. त्याची रेसिपी शोधायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी वरच एक ओळ दिसेल : तयारीचा वेळ १५ मिनिटं. आमच्या धंद्यात असल्या आकड्याला एस्टिमेट म्हणतात, आणि ज्याला ते काम स्वतः करायचं नसतं त्याचं एस्टिमेट नेहमीच लहान असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हा आकडा खोटा आहे, आणि तो खोटा असल्यामुळे नुकसान होतं.

आधी पदार्थ काय आहे ते बघू. मोरोक्कोत हरीरा वर्षभर खातात, पण त्याची खरी वेळ म्हणजे रमजानची संध्याकाळ. मगरिबची अजान झाली की खजूर, मधात बुडवलेली चबाकिया, उकडलेली अंडी, आणि सोबत वाडगाभर गरम हरीरा. तिथले ज्यू लोकही योम किप्पूरचा उपास हरीऱ्याने सोडत आले आहेत. म्हणजे धर्म कुठलाही असो, दिवसभर रिकाम्या असलेल्या पोटाला काय सोसेल आणि काय पुरेल, याचं हे उत्तर आहे. पाणी, मीठ, डाळ, मांस, पीठ, सगळं एका वाडग्यात.

आता कामं मोजा. छोले रात्री भिजत घालणे. सकाळी एकेक छोला चिमटीत दाबून साल काढणे (हो, तिथल्या कितीतरी घरांत हे करतात!). मटणाचे बोराएवढे तुकडे करणे. किलोभर टोमॅटोंची प्युरी. एक जुडी कोथिंबीर, तेवढीच पार्सली आणि पाल्यासकट सेलरी निवडून, धुऊन, बारीक चिरणे. १५ मिनिटांत माझी नुसती कोथिंबीर निवडून होत नाही. तुमची होत असेल तर कळवा, येतो शिकायला :)

याच्या उलट टोकाला दुसरी मंडळी असतात, 'ऑथेंटिक'वाली. मातीचं भांडं पाहिजे, कोळसा पाहिजे, 'स्मेन' म्हणजे मुरवलेलं खारवलेलं लोणी पाहिजे, नाहीतर करूच नका. हेही मला पटत नाही. ज्या टोमॅटोशिवाय आज हरीरा सुचत नाही, तो मुळात अमेरिका खंडातला. १४९२ च्या आधी मोरोक्कोत त्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. आणि मोरोक्कन घरांत प्रेशर कुकर सर्रास वापरतात. त्यांना शिट्टी चालते आणि आपल्याला चालत नाही, हा कुठला न्याय? कुणी शेवया घालतं, कुणी तांदूळ, कुणी शेवटी अंडं फेटून सोडतं. अल्जीरियातही हरीरा होतो. कुसकुसच्या बाबतीत २०२० साली अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांचं नाव युनेस्कोच्या यादीत एकत्र लागलं, ते मला फार आवडलं. स्वयंपाकाला पासपोर्ट नसतो.

तर प्रश्न 'अस्सल की नक्कल' असा नाहीच. प्रश्न असा की कुठला शॉर्टकट फुकट पडतो आणि कुठल्याची किंमत मोजावी लागते.

फुकट पडणारे हे. स्मेनऐवजी चमचाभर साजूक तूप. वास तोच येणार नाही, पण चालतं. मेंढीऐवजी बोकडाचं पाव किलो मटण, हाडासकट. आणि कुकर. मटण, वाटीभर भिजवलेले छोले, कांदा, अर्धा हिरवा पाला, सुंठ, मिरपूड, हळद, दालचिनीचा तुकडा आणि पाणी, असं एकत्र शिजवून घ्यायचं. टोमॅटो मात्र नंतर. आंबटात कडधान्य लवकर मऊ होत नाही, त्यामुळे छोले शिजल्यावर झाकण उघडून टोमॅटोची प्युरी आणि अर्धी वाटी अख्खा मसूर घालायचा, आणि मसूर मऊ होईपर्यंत मंद आचेवर ठेवायचं.

न परवडणारे दोन. पहिला, हिरवा पाला कमी करणं. आपल्याकडे कोथिंबीर वरून भुरभुरायची, हरीऱ्यात ती भाजी म्हणून पडते. दुसरा, 'तदवीरा' वगळणं. तदवीरा म्हणजे पाण्यात कालवलेला मैदा. काही घरांत तो आदल्या रात्रीच भिजवून किंचित आंबवतात. अर्धी वाटी मैदा पेलाभर पाण्यात गुठळ्या मोडून, बारीक धारेने सोडायचा आणि दुसऱ्या हाताने पळी सतत फिरवायची. हात थांबला की मैदा खाली बसतो आणि बुडाला लागतो. मग शेवया टाकून दहा-पंधरा मिनिटं उकळायचं, म्हणजे कच्च्या पिठाची चव जाते. अरबीत 'हरीर' म्हणजे रेशीम, आणि जिभेवर तसंच लागलं पाहिजे. तदवीरा नसेल तर जे उरतं ते बरं असतं, पण ती मटण घातलेली आमटी असते.

आणि कृपा करून वरून लाल तिखटाची फोडणी देऊ नका. चव घ्या, लिंबू पिळा, झालं.

आता त्या १५ मिनिटांकडे परत येतो. हा आकडा चिरलेला कांदा आणि निवडलेली कोथिंबीर समोर आल्यावर सुरू होतो. ती कुणी निवडली, छोले रात्री कुणाच्या लक्षात राहिले, हे त्या हिशोबात नाहीच. मोरोक्कोत रमजानमध्ये हे काम बहुतेक वेळा घरातली बाई करते, आणि तिचाही रोजा असतो. सूर्यास्ताची डेडलाइन पुढे ढकलता येत नाही. आपल्या घरांत रोजा नसेल, पण हिशोब तोच आहे. 'पटकन काहीतरी कर ना' या वाक्यातलं 'पटकन' असंच दुसऱ्याच्या वेळातून येतं. आणि ज्याचं एस्टिमेट शून्य लिहिलं जातं, ते काम वाटून घ्यायचं कुणाला सुचतच नाही.

म्हणून हरीरा जरूर करा, पण रविवारी करा, आणि खरा वेळ लिहून करा : आदल्या रात्रीची पाच मिनिटं, सकाळी एक तास तयारी, दीड तास गॅस. सहा माणसांचं होतं, एकट्यासाठी करण्यात मजा नाही. जे जेवायला येणार आहेत त्यांना तासभर आधी बोलवा. एकाला कोथिंबीर द्या, एकाला छोले. तदवीरा सोडताना तसेही दोन हात कमी पडतात.