रुमालाने अ‍ॅस्बेस्टॉस अडत नाही

ब्रिटनने १९९९ साली अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. तिथे जुने सिमेंटचे पत्रे ओले करून, न फोडता उतरवतात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात. कामगाराला अंगभर सूट आणि बारीक तंतू अडवणारा फिल्टरचा मास्क मिळतो. आपल्या वस्त्यांत हेच पत्रे घणाने फोडतात आणि आमचा माणूस तोंडाला रुमाल बांधतो. (त्याने साधी धूळही धड अडत नाही!) कर्करोग बऱ्याचदा २० ते ४० वर्षांनी उगवतो, तेव्हा ठेकेदार कुठे सापडणार? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे ठेवायला सांगितले. नाक्यावरच्या रोजंदारीवाल्याचे नाव कोणत्या वहीत आहे? पाडकामाच्या ज्या निविदेत मास्क आणि सूटचा खर्च धरलेला नाही, ती आपण अडवली पाहिजे.