घरच्या घरी : सरस लवकर थिजतो?

पंढरपूर-मंगळवेढे भागातले भोपळे मिरजेला जाऊन त्यांचे तंबोरे होतात. सांध्यांना परंपरेने सरस. आषाढीच्या तोंडावर भजनाच्या वीणेचा सांधा सुटला, तर सरसच लावावा. पुढे कारागिराला तो ऊन पाण्याने सोडवता येतो.

पण सांधा बसवेपर्यंत सरस थिजतो, म्हणून काहीजण तो खळखळ उकळतात. त्याने जोर जातो. भिजवलेल्या सरसाची वाटी वाफाळत्या पाण्यात ठेवावी, लाकूडही उन्हात तापवावे. तरी वेळ पुरेना, तर 100 ग्रॅम कोरड्या सरसाला 5, फार तर 10 ग्रॅम युरिया घालावा. खताच्या पोत्यातला नको; 2015 पासून त्याला निंबोळी तेल असते. रसायनांच्या दुकानातला साधा घ्यावा. मिठानेही थिजणे लांबते, पण पावसाळ्यात ते ओल धरते. युरियाचा सांधा सावकाश सुकतो. दोन दिवस सुतळीने बांधून ठेवावा, तोवर तारा चढवू नयेत.