शेवाळालाही शेतात जागा द्या



आपल्या वैभववाडी तालुक्यात पाऊस कसा कोसळतो ते सांगायला नको. लावणी झाली की कुणग्यात युरिया टाकतात. त्याच रात्री पाऊस धो धो आला तर बरेचसे खत मेरेवरून वाहून वहाळाला जाते. पैसे जातात आणि गोणी डोक्यावरून मळ्यात नेणाऱ्या आईची मेहनतही जाते. म्हणून माझे मत असे आहे की, थोडा युरिया कमी करून निळे-हिरवे शेवाळ वापरून पाहावे.

हवेत 78 टक्के नत्र आहे, पण भाताला ते हवेतून घेता येत नाही. ॲनाबिना, नॉस्टॉक अशा जातींचे बारीक शेवाळ मात्र ते घेते. ते कुजले की तेच नत्र भाताला मिळते. भातखाचराच्या जमिनीत नत्र या शेवाळामुळे वाढते, हे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञांनी 1939 साली दाखवून दिले. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने हे शेवाळ शेतकऱ्याला घरी वाढवता येईल अशी सोपी रीत बसवली.

लावणीनंतर आठवड्याने हेक्टरी 10 किलो सुके शेवाळ साचलेल्या पाण्यात टाकतात. ते चांगले वाढले तर हंगामात हेक्टरी 20 ते 30 किलो नत्र मिळते. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 20 किलो नत्र असते. म्हणजे हेक्टरी एक ते दीड गोणी वाचली. 20 गुंठेवाल्याला 2 किलो शेवाळ पुरे!

आमचे आजोबा म्हणतात, "शेवाळान भात पिकाक लागला तर मगे शेणखत कित्याक व्हया?" आजोबांचे म्हणणे खरेच आहे. शेवाळ फक्त नत्र देते. स्फुरद आणि पालाश देत नाही. शेणखत हवेच, आणि युरियाही एकदम बंद करू नये. शेजारचे काका म्हणतात, युरिया अनुदानामुळे स्वस्त आहे, मग ही खटपट कशाला? पण अनुदानाचे पैसेसुद्धा देशाचेच ना? आणि वाहून गेलेले खत वहाळात जाते, त्याच वहाळावर आपली गुरे पाणी पितात.

शेवाळसुद्धा पावसात वाहून जाईल, असे कोणी म्हणेल. मेर फुटली तर जाईलच. म्हणून आधी मेरा नीट बांधाव्यात आणि पाऊस जरा ओसरला की शेवाळ टाकावे. आभाळ भरलेले असले तर ते हळू वाढते. पण युरिया एकदा गेला की गेला, शेवाळ उरले तेवढ्यातून पुन्हा वाढते. मात्र विहिरीच्या पायरीवरचे कुठलेही हिरवे बुळबुळीत शेवाळ चालणार नाही. लांब तंतूंचे हिरवे शेवाळ हवेतले नत्र घेत नाही.

ते वाढवायला 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि वीतभर खोल खड्डा पुरतो. त्यात प्लास्टिक अंथरून 8 ते 10 किलो माती, 200 ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि चार बोटे पाणी घालावे. आपली तांबडी माती आंबट असते, म्हणून थोडा चुनाही टाकावा. वर मूळ शेवाळ भुरभुरावे. कडक उन्हात पंधरा दिवसांत जाड साय धरते. ती वाळली की पापड्या काढून ठेवाव्यात.

माझी सूचना अशी : एप्रिलमध्ये शाळेच्या आवारात असा एक खड्डा करावा. मूळ शेवाळासाठी गुरुजींनी दापोलीच्या कृषी विद्यापीठाला पत्र लिहून विचारावे. पावसाळ्यात ज्यांची तयारी असेल त्यांनी एकच कुणगा द्यावा. अर्ध्यात नेहमीचा युरिया, अर्ध्यात कमी युरिया आणि शेवाळ. मध्ये मेर घालावी. झोडणी झाली की दोन्हीकडचे भात वेगळे मापावे. माप आम्ही मुले घेऊ आणि आकडे याच भित्तिपत्रकावर लावू. शेवाळाकडचे भात कमी भरले तर तेही लिहू.

पालकहो, पटते का पाहा!

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी