गॅस किलोवर का मिळतो?

दूध लिटरने मिळते, मग सिलिंडर किलोने का, असे आमच्या भगिनी विचारतात. आम्ही पडलो कॉमर्सवाले. पण वजनमापाची गोष्ट निघाली की कारकुनाला गप्प बसवत नाही.

भाईंदरच्या खाडीकाठची मिठागरे आठवा. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेतात. वाफा चौकोनी, तर पाणीही चौकोनी. द्रवाला आकार भांड्याचा, पण घनफळ स्वतःचे. लिटरभर पाणी हंड्यात ओता की परातीत, ते लिटरभरच राहते. उन्हाने त्याची वाफ होते आणि तिला बांध अडवू शकत नाही. मागे उरते मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात.

मीठही बरणीचा आकार घेते, मग ते द्रव का नाही? पोरांचा हा प्रश्न खरोखर हुशारीचा आहे. त्यांच्या हातावर एक खडा ठेवा. बरणीत, वाटीत, तळहातावर, कुठेही ठेवला तरी खडा तसाच राहतो. ओतल्यावर बदलतो तो ढीग. आणि मिठाची रास होते, पाण्याची करून दाखवा!

वायूचे कण मात्र सुटे. जागा मिळेल तेवढे पसरतात, दाबले की आकसतात. त्यामुळे ‘एक लिटर गॅस’ म्हणजे नेमका किती, हे दाब आणि उष्णता सांगितल्याशिवाय ठरत नाही. वजन मात्र दाबून कमी होत नाही, म्हणून १४.२ किलोचा हिशेब. टाकीत हा गॅस दाबाखाली द्रव होऊन राहतो. हलवली की डुचमळतो तोच. ऊन लागले की द्रव फुगतो, म्हणून वर थोडी जागा मुद्दाम रिकामी ठेवतात. रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच लिहिलेले असते. त्यात १४.२ मिळवा आणि काट्यावर बघा. वजन करून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. टाकी आणणाऱ्या पोराशी तंटा नको.

आता जिवाची गोष्ट. हा द्रव बाहेर येताच सुमारे २५० पट जागा व्यापतो. शिवाय तो हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, त्यामुळे आधी जमिनीलगत पसरतो, मोरीत उतरतो. हवेत शंभरात दोन भाग झाला तरी ठिणगीने पेटू शकतो. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत मुले निजतात तीही जमिनीवरच. म्हणून रेग्युलेटर बंद केल्याशिवाय अंथरूण घालू नका.

गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मिसळतात. वास आला तर दिव्याचे किंवा पंख्याचे बटण लावूही नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या. गळतीची खबर १९०६ या नंबरवर द्यायची, पण फोन बाहेर आल्यावर करायचा, खोलीतून नव्हे.