मांगूर माशाचा हिशेब

मुलांस अंकगणित रुक्ष वाटते, कारण त्यांतील उदाहरणे त्यांच्या ओळखीची नसतात. वळ येथील मुलांस असे उदाहरण घालावे: नाल्यात दोन विदेशी मांगूर सुटले, ते दरसाल चौपट झाले असे धरल्यास पाच वर्षांनी किती होतील? उत्तर २०४८. मूल प्रथम हसेल, मग विचारात पडेल.

हा आफ्रिकेतील मासा इतर मासळी फस्त करतो, हवेतून श्वास घेतो व ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात शिरतो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनास बंदी केली. तरी भिवंडी तालुक्यात त्याची चोरटी तळी सापडली आहेत. देशी मागूर निराळा. त्यास बंदी नाही.

पावसाळ्यात तळ्याचा बांध फुटला म्हणजे हा मासा ओहोळात आलाच. मग देशी मासळी शिल्लक किती, हे वजाबाकीचे उदाहरण मात्र थोरांनी सोडवावयाचे आहे. सबब बंधूंनो, मत्स्यबीज घेताना जात पारखून घ्यावी.