संगणक-सुरक्षेचा बाजार आणि सहकारी संस्था

वैनगंगेच्या काठचा चामोर्शी तालुका धानाचा आहे. आदिवासी विकास महामंडळाच्या वतीने आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था धान खरेदी करतात, त्याची भरडाई राइस मिलमध्ये होते आणि शेतकऱ्याचे चुकारे बँकेच्या खात्यात जमा होतात. नोंदणीपासून चुकाऱ्यापर्यंतची ही साखळी आता संगणकावर चालते. साहजिकच संगणकाच्या सुरक्षेचा विक्रेताही मिलमालकाच्या आणि संस्थेच्या सचिवाच्या दारी येऊ लागला आहे. मोठ्या शहरांतील मोठी गिऱ्हाइके वाटून झाली. आता मध्यम व लहान उद्योगांकडे, म्हणजे ज्यांच्यापाशी गमावण्याजोगा पैसा आहे पण तज्ज्ञ माणूस नाही अशांकडे, हा बाजार वळला आहे.

हा माल कसा विकला जातो ते पाहण्यासारखे आहे. एप्रिल २०२२ च्या केंद्रीय आदेशाप्रमाणे संगणकावरील हल्ल्याची खबर सहा तासांत ‘सर्ट-इन’ या यंत्रणेला द्यावी लागते. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील कसुरीबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. हे दोन आकडे समोर ठेवले की गिऱ्हाईक घाबरते आणि सही करते. ते काय विकत घेते, हे मात्र त्याला कळत नाही. १९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, मालाची प्रत विक्रेत्यालाच ठाऊक असेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. संगणक-सुरक्षेत तर अडचण आणखी बिकट आहे. वर्षभर चोरी झाली नाही, तर ती कुलपामुळे झाली नाही की चोर फिरकलाच नाही, हे कोणी सांगावे?

विक्रेते सगळे लबाड असतात, असा याचा अर्थ नव्हे. रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केली आणि भावासह ‘क्विक हील’ उभी केली. लहान दुकानदाराला परवडेल असे देशी विषाणूरोधक त्यातून मिळाले, हे मान्यच केले पाहिजे. दोष माणसांत नाही. जी गोष्ट स्वभावतः सामाईक आहे ती प्रत्येक संगणकामागे एक परवाना अशी सुटी विकण्यात तो आहे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचावे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, चोरांनी एकाही खातेदाराच्या दारावर थाप मारली नाही. एटीएमवर आलेली मागणी बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते आणि तेथून होकार आला की नोटा बाहेर पडतात. चोरांनी या वाटेवर आपलाच एक बनावट होकार देणारा बसवला. मग काही तासांत २८ देशांतील यंत्रांतून नकली कार्डांवर सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतातूनही सुमारे अडीच कोटी निघाले, आणि १३ तारखेला जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींवर. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. त्यांत भरणा यंत्रांतून पैसे काढणाऱ्या प्याद्यांचा होता. शतकाहून जुन्या, मोठ्या बँकेची ही गत, तर तालुक्याच्या संस्थेने एकटीने काय करावे?

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. जुलै २०२४ मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीज या, बँकांना संगणक-सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला आणि तिच्यावर विसंबलेल्या सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांचे देयक-व्यवहार राष्ट्रीय जाळ्यापासून तोडावे लागले. या बँकांपैकी एखादीने आपल्या शाखेत कितीही उत्तम सुरक्षा विकत घेतली असती, तरी ती त्या दिवशी बंदच पडली असती. गडचिरोलीतील माजी मालगुजारी तलावांवर शेती करणाऱ्याला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. पाळ एका जागी फुटली की आपला बांध पक्का असलेल्याचेही धान जाते. म्हणून पाळीचे काम गावाने मिळून करायचे असते.

तेव्हा सुरक्षा मिळून विकत घेणे हाच मार्ग आहे. नागरी सहकारी बँकांसाठी मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय शिखर संस्था सुरू झाली आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २०२२ मध्ये २५१६ कोटींची योजना मंजूर झाली. पण संगणक सर्वत्र एकाच आज्ञावलीवर चालू लागले म्हणजे चुकाही सर्वत्र एकच होतात, याची वाच्यता फारशी होत नाही. जिल्ह्यातील संस्थांनी आणि मिलवाल्यांनी एकत्र येऊन एक करार करावा, दोन जाणती माणसे पगारावर ठेवावीत, नोंदींच्या प्रती रोज जाळ्याबाहेर ठेवण्याची शिस्त पाळावी. आणि करारात विक्रेत्याच्या हलगर्जीने झालेल्या नुकसानीचा वाटा त्याच्याच माथी यावा. एकट्या सचिवाला असे कलम घालून घेता येणार नाही. शंभर संस्थांना येईल. या कामाला गडचिरोलीचीच शिकलेली मुले तयार करता येतील, हा फायदा वेगळाच.

यात राजकारण शिरेल, ठेका संचालकाच्या मेहुण्याला जाईल, अशी शंका घेतली जाईल. ती रास्त आहे. सहकाराचा इतिहास तिला आधार देतो. पण खाजगी करारही आज बंद खोलीतच होतो, आणि तो सभासदाला पाहायला मिळत नाही. सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. हिशेबतपासणीच्या अहवालाशेजारी संगणक-सुरक्षेचा तपासणी अहवालही मांडा, तपासणारा विक्रेत्याहून वेगळा हवा, आणि गेल्या वर्षी नोंदींची प्रत परत उभी करून पाहिली होती का ते सांगा, अशी लेखी मागणी कार्यकर्त्यांनी आपापल्या संस्थेत सभेच्या आधीच द्यावी.