वायद्याचे लेखन

लेखक म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. एकांतातील खोली, खिडकीबाहेर हिरवी झाडी, हाती लेखणी, आणि प्रतिभेच्या आगमनाची वाट पाहत बसलेला एक सुखी जीव. ती आली की ओळी आपोआप उतरतात. न आली तर स्वारी खुशाल फिरावयास निघते. चित्र मोठे मोहक आहे. परंतु मराठी गद्याला ज्यांनी आकार दिला, त्यांच्यापैकी फार थोड्यांना ते लागू पडते. कित्येकांना प्रतिभेची वाट पाहण्याइतकी सवडच नव्हती. त्यांच्या दाराशी छापखान्याचा माणूस उभा असे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले, तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. दिवसभर वर्ग घ्यावयाचे आणि उरल्या वेळात मासिकाची पाने भरावयाची, असा तो क्रम होता. मालेचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सारा मजकूर एकट्या शास्त्रीबुवांच्या हातचा आहे.

हरि नारायण आपटे यांचे ओझे याहूनही अवघड होते, कारण त्यांचा वायदा महिन्याचा नसून आठवड्याचा होता. १८९० साली त्यांनी पुण्यात 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि सुमारे २७ वर्षे चालविले. 'पण लक्षात कोण घेतो!' ही यमूची करुण कहाणी याच पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. आज ती कादंबरी बांधीव, जाडजूड पुस्तकाच्या रूपाने हाती येते, आणि ती अशीच सलग लिहिली गेली असावी असा वाचकाचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नव्हती. वाचकाला पुढचे ठाऊक नसे, आणि पुढचा मजकूर लेखकाच्या पेटीत तयार पडलेला असे, असेही नाही.

अशा लेखनातील खरी अडचण बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. घरी बसून वही भरणाऱ्याला विसाव्या प्रकरणाशी आल्यावर तिसरे प्रकरण बदलता येते. एखादे पात्र नकोसे झाले तर ते समूळ काढून टाकता येते. साप्ताहिकाच्या लेखकाचे तिसरे प्रकरण मात्र केव्हाच छापून गावोगाव पोहोचलेले असते. खिळे जुळविले गेले, कागदावर शाई बसली, की तो शब्द लेखकाच्या मालकीचा राहत नाही. चूक झाली असेल तर तिच्यासह पुढे चालावे लागते. खाडाखोड हा लेखकाचा मोठा हक्क. वायद्याने लिहिणारा तो हक्क गमावून बसतो.

हरिभाऊंच्या कादंबऱ्यांत पाल्हाळ आहे, असा आक्षेप टीकाकारांनी वारंवार घेतला आहे. तो खोटा नाही. काही प्रसंग लांबले आहेत, निवेदक मध्येच थांबून वाचकाशी बोलत बसतो. आठवड्याच्या घाईत संक्षेप साधत नाही. थोडक्यात लिहावयास अधिक वेळ लागतो, ही गोष्ट निबंध लिहिणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला पटेल. पण या दोषाच्या पोटीच एक गुण जन्मला आहे, आणि तो दोषापेक्षा मोठा आहे. तीन वर्षे दर आठवड्याला एकाच घरात जावे, तेथील माजघरातले बोलणे ऐकावे, सासुरवाशिणीचे दुःख जवळून पाहावे, तसे लेखकाचे यमूशी झाले. तिच्या तोंडची भाषा इतकी घरगुती उतरली, ती या दीर्घ सहवासामुळे. वर्षातून एकदा प्रसन्न होणाऱ्या प्रतिभेला हा सहवास कसा घडणार?

आणि हरिभाऊंना लेखनाखेरीज दुसरा व्याप नव्हता असे कोणी समजू नये. काका महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम संस्थेचा कारभार त्यांच्याकडे होता. पुण्याच्या नगरपालिकेत त्यांनी काम केले, पुढे अध्यक्षपदही सांभाळले. कॉलेजात असताना गणिताने त्यांना पुरते नमविले होते, त्यापायी पदवीही हातची गेली. सात दिवसांचा हिशेब मात्र त्यांना आयुष्यातील निम्म्याहून थोडा कमी काळ ठेवावा लागला!

'सुचत नाही' म्हणून कोरा कागद पुढे ठेवून बसणारे पुष्कळ असतात. सुचल्यावर लिहू, असा त्यांचा बेत असतो. लिहिणाऱ्यांचा अनुभव बहुधा याच्या उलट आहे: पहिली चार वाक्ये ओढूनताणून लिहावी, ती पसंत पडू नयेत, त्यांवर रेघ मारावी, आणि पाचवे वाक्य लिहिताना मनातील गाठ सुटावी. त्या चार वाक्यांचे श्रम वाचकाला कधीच दिसत नाहीत. वायदा नसता तर ती चार वाक्ये लिहिलीच गेली नसती, आणि पाचवेही नाही. म्हणून सवडीच्या अभावी मराठीत थोर ग्रंथ झाले नाहीत, हे म्हणणे ऐकताना जरा थबकावे. सवड भरपूर असलेल्या किती जणांनी काय लिहिले, याचाही शोध घ्यावा.

वायद्याने किंमत घेतली नाही असे मात्र नव्हे. १९१९ साली हरिभाऊ वारले तेव्हा ते पंचावन्न वर्षांचेही झाले नव्हते. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. त्या आजही तशाच छापल्या जातात. वाचता वाचता एक प्रकरण संपते, पान उलटावे तर पुढे काही नसते.